टॅब कोणत्या नोंदवहीत लिहायचा?

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
रायगड जिल्हा परिषद, अलिबाग

विषय : दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीचे टॅब शाळेच्या कपाटाऐवजी त्यांच्या हाती देण्याबाबत



मी कडावची. कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या या बाजारगावात माझं घर आहे आणि आसपासच्या गावांत, ठाकूरवाड्यांत, कातकरवाड्यांत प्राथमिक शिक्षिका म्हणून माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे. नोकरीत असताना एक गोष्ट बैठकांमधून तोंडी बोलत राहिले, तीच आज लिहून आपल्यापुढे ठेवते. पालकांनी आणि शिक्षकांनीही ती वाचावी, म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव आणि वाडी सांगत नाही. त्याला ऐकू यायचं, सांगितलेलं कळायचं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. पाणी हवं असलं तर तो माझा पदर ओढायचा. पदर ओढूनही मला कळलं नाही तर स्वतःच्या मनगटाला चावायचा. वर्गातली मुलं वाईट नव्हती. ती त्याला सांभाळून घ्यायची, पण त्याचं सगळं तीच ठरवायची. खेळात कुठं उभं राहायचं, डबा कधी उघडायचा, चित्रात कुठला रंग भरायचा, यातलं काहीच त्याला विचारलं जात नव्हतं. विचारलं असतं तरी त्यानं उत्तर कसं दिलं असतं?

एका प्रशिक्षणात मला 'जेलो' या अ‍ॅपची माहिती मिळाली. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या अभिकल्प विभागात प्राध्यापक रवी पूवैया यांच्या पुढाकारानं ते तयार झालं आहे. ते मोफत आहे आणि मराठीत आहे. पडद्यावर चित्रांची बटणं असतात: खाणं, खेळ, माणसं, जागा, रोजची कामं, मदत. चित्रावर बोट ठेवलं की फोन तो शब्द मोठ्यानं उच्चारतो. बाजूला आणखी काही बटणं असतात, आवडतं-आवडत नाही, हवं-नको, जास्त-कमी अशा अर्थांची. चित्र आणि हे बटण जोडलं की वाक्य होतं. मी ते माझ्याच फोनवर घेतलं आणि रोज थोडा वेळ त्याच्या शेजारी बसू लागले.

पहिले काही आठवडे तो एकच बटण पुन्हा पुन्हा दाबून आवाजाची मजा घेत होता. मी त्याला अडवलं नाही. मी बोलताना स्वतः चित्रं दाबत राहिले. 'चल, आपण पाणी पिऊ' म्हणताना पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायचं, 'आता खेळ' म्हणताना खेळाच्या. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, तेव्हा कुठं त्याचा पहिला शब्द येतो. चित्रांची भाषाही तशीच आधी मोठ्यांनी बोलून दाखवावी लागते. मग एका दुपारी पोषण आहाराच्या पंगतीत ताई त्याच्या ताटात दुसऱ्यांदा खिचडी वाढायला वाकल्या आणि त्यानं माझा फोन ओढून घेऊन बटण दाबलं. फोन म्हणाला, 'नको.'

ताईंनी पळी मागं घेतली.

हे त्याचं पहिलं बोलणं. 'आई' नाही, 'पाणी' नाही, 'नको'. ज्याचं सगळं आजवर दुसऱ्यांनी ठरवलं, त्याच्या मनात हाच शब्द सगळ्यात पुढं असणार. त्यानंतर मनगटाला चावणं हळूहळू कमी होत गेलं. चावण्यातून जे तो सांगू पाहत होता, ते सांगायला त्याला दुसरी वाट मिळाली होती.

पण शाळा सुटली की फोन माझ्या पिशवीत जायचा. एका सकाळी त्याची आई त्याला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "बाई, राती हा भिताडावर बोट दाबीत होता. काय मागत होता, कळंना." मी त्या दिवशी वर्गात नीट शिकवू शकले नाही. त्याचा आवाज रोज संध्याकाळी माझ्या पिशवीतून माझ्या घरी येत होता आणि तो आपल्या घरी मुका होत होता.

त्या वेळी शाळेत एक टॅब होता. देणगीतून आलेला, चांगल्या अवस्थेतला. तो कपाटात होता. मुख्याध्यापक मनानं मोठे होते. टॅब मुलाबरोबर घरी पाठवू या असं मी म्हटल्यावर त्यांनी जडवस्तू संग्रह नोंदवही काढली आणि पान दाखवलं. टेबल, खुर्ची, फळा, घंटा, वजनकाटा आणि त्याखाली टॅब, नग एक. "बाई, हरवला तर भरपाई माझ्याकडून. फुटला तर निर्लेखनाचा प्रस्ताव मी करायचा. तपासणीत वस्तू दाखवावी लागते." त्यांचं चुकत नव्हतं. त्या नोंदवहीत एकदा लिहिलेली वस्तू सांभाळणं हेच त्यांचं कर्तव्य होतं.

त्याच वर्षी त्याच शाळेतल्या एका मुलीला शिबिरात श्रवणयंत्र मिळालं होतं. ते कुठल्या नोंदवहीत लिहिलं? तिच्या नावावर, वाटपाच्या यादीत, पालकांची सही घेऊन. ते तिच्या कानात घरी गेलं. शाळा सुटल्यावर श्रवणयंत्र कपाटात ठेवून जा, असं तिला कुणी म्हटलं असतं का? तिच्या कानातलं यंत्र आणि या मुलाचा टॅब यांत मला फरक दिसत नाही. फरक केवळ नोंदीचा आहे आणि ती नोंद बदलणं आपल्या हातात आहे. हे पत्र एवढ्यासाठीच.

यासाठी नवा कायदा लागत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. त्याचं कलम 17 शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर जबाबदारी टाकतं, म्हणजे त्यात जिल्हा परिषदही आली. ज्यांना बोलण्यात, संवादात किंवा भाषेत अडचण आहे, त्यांच्या रोजच्या संवादासाठी पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींच्या वापराला चालना द्यावी, असं त्या कलमात आहे. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधनं विनामूल्य द्यावीत, असंही आहे. 'विद्यार्थ्यांना द्यावीत' हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. साधन विद्यार्थ्याला द्यायचं आहे. ते शाळेत ठेवायचं की घरी न्यायचं, याचं उत्तर त्या शब्दांतच आहे.

आता आणखी एका मुलीबद्दल. ती चौथीत होती, बोलकी आणि हुशार. राजनाला कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात कसा लावतात, ते बापाबरोबर शेतात राबून शिकलेली. चिखलणीपासून झोडणीपर्यंत सगळं वर्गाला सांगायची, पण पुस्तक समोर आलं की गप्प. 'तारे जमीन पर' हा चित्रपट 2007 साली आला आणि अशा मुलांच्या अडचणीला असलेलं डिस्लेक्सिया हे नाव घराघरांत पोहोचलं. पण बऱ्याच जणांच्या डोक्यात तेव्हापासून इंग्रजीतल्या 'बी' आणि 'डी' या अक्षरांची उलटापालट बसली आहे. मराठी मूल वेगळ्या ठिकाणी अडतं. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि म्हणताना नंतर. घ-ध, म-भ, प-ष या जोड्यांत एका रेघेचा फरक असतो. र हे एकच अक्षर 'सूर्य'मध्ये डोक्यावर बसतं, 'चक्र'मध्ये पोटात शिरतं, 'ट्रक'मध्ये पायाशी येतं आणि 'दुसऱ्या'मध्ये आणखीच निराळं दिसतं. ज्याला अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणं मुळातच जड जातं, त्याला या प्रत्येक वळणावर ठेच लागते. आपण त्याला आळशी म्हणतो.

या मुलीला टॅबचा उपयोग वेगळा झाला. मजकूर वाचून दाखवणारं अ‍ॅप तिच्या पानातला एकेक शब्द ठळक करत पुढं जायचं. कानानं शब्द ऐकायचा, डोळ्यांनी तोच शब्द पाहायचा. अक्षरं मोठी करता यायची, ओळींतलं अंतर वाढवता यायचं. चुकलं तर कुणी हसायचं नाही आणि तेच वाक्य वीस वेळा ऐकवायला टॅब थकायचा नाही. परिसर अभ्यासाचा धडा तिनं ऐकला आणि प्रश्नांची तोंडी उत्तरं दिली. सगळी बरोबर. तिला विषय येत होता. अडसर अक्षरांचा होता आणि आम्ही तिला त्या अडसराचे गुण देत होतो.

मात्र टॅबनं तिचं वाचन आपोआप सुधारलं नाही. त्यासाठी वाळूत बोटानं अक्षर गिरवणं, टाळ्या वाजवून शब्दाचे तुकडे पाडणं, रोज थोडं थोडं, हे जुनंच काम करावं लागलं. टॅबचा फायदा असा की वाचन सुधारेपर्यंत तिचं बाकीचं शिक्षण थांबलं नाही.

अशा मुलांची चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शाळेनं करावी, असं केंद्राच्या जानेवारी 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं. एनसीईआरटीनं 2022 मध्ये त्यासाठी 'प्रशस्त' हे अ‍ॅपही आणलं. शिक्षक त्यात मुलाच्या लक्षणांची नोंद करतात आणि 21 प्रकारांपैकी कुठल्या दिव्यांगत्वाची शक्यता आहे ते कळतं. हे काम मोलाचं आहे. पण माझं म्हणणं असं, की मुलाची नोंद करणारं अ‍ॅप शिक्षकाच्या फोनवर आलं असेल, तर त्यानंतर मुलाच्या उपयोगाचं अ‍ॅप मुलाच्या हातात आलं पाहिजे. या दोहोंमध्ये दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा रस्ता पडतो. एका मुलीच्या आईबरोबर मी मुंबईच्या एका रुग्णालयात गेले आहे. पहाटे वाडीतून चालत रस्त्यावर, तिथून मिळेल त्या वाहनानं कर्जत, मग लोकल. तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली आणि पुढची तारीख मिळाली. हा रस्ता लांब आहे, हे मान्य करून तोवर मुलाला थांबवू नये. कायद्याचं कलम 16 शाळांना सांगतं की अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखा आणि योग्य अध्यापनाचे उपाय करा. त्या उपायांसाठी प्रमाणपत्राची अट त्यात घातलेली नाही.

पालकांच्या दोन शंका मी नेहमी ऐकल्या, त्यांना इथंच उत्तर देते. पहिली: चित्रं दाबून काम भागलं तर मूल बोलायचा प्रयत्नच सोडून देईल. अमेरिकेतल्या मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला. त्यातल्या भक्कम पुराव्याच्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालेलं नव्हतं, बहुतेकांचं थोडंफार वाढलं होतं. दुसरी शंका: मूल टॅबच्या नादी लागेल. ही शंका खरी आहे. म्हणूनच संवादाच्या टॅबवर व्हिडिओ आणि खेळ ठेवू नयेत. अँड्रॉइडमध्ये एकच अ‍ॅप पडद्यावर पक्कं करून ठेवण्याची सोय असते. ती लावली की टॅब म्हणजे बोलायची पाटी राहते.

टॅब वाटून शिक्षण सुधारतं, असं मी म्हणत नाही. पेरू देशानं लाखो लॅपटॉप मुलांना वाटले आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांत काहीच फरक दिसला नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याच्या शाळेचं नाव मात्र डिजिटल शाळा म्हणून राज्यभर झालं, कारण तिथं संदीप गुंड यांच्यासारखा शिक्षक उपकरणाच्या पाठीशी उभा होता. युनेस्कोनं 2023 च्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञानाच्या सरसकट वापराबद्दल सावध केलं, पण दिव्यांग मुलांसाठी त्याचं मोल मान्य केलं. माझा अनुभवही हेच सांगतो. सगळ्या मुलांना टॅब द्या, असं मी मागत नाही. ज्याला त्यावाचून बोलता किंवा शिकता येत नाही, त्याला द्या आणि त्याच्याबरोबर एक जाणकार माणूस द्या.

माणसाचा प्रश्न मोठा आहे. रजनीश कुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 28 ऑक्टोबर 2021 रोजी विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्राला सांगितलं आणि केंद्रानं 2022 मध्ये प्राथमिक स्तरावर दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यापुढच्या स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक, असं प्रमाण ठरवलं. गटसाधन केंद्रातले विशेष शिक्षक किती शाळांना कसे पुरे पडतात, ते मी जवळून पाहिलं आहे. ही पदं भरणं राज्याच्या हाती आहे हे मी जाणते. पण सामान्य शिक्षकाला दोन दिवसांत संवादाचं अ‍ॅप वापरायला शिकवणं, हे आपण याच वर्षी करू शकता. तसं शिकलेली पोषण आहाराची ताई आणि शेजारच्या बाकावरचा मित्रही पुष्कळ करू शकतात. मी ते पाहिलं आहे.

म्हणून माझ्या मागण्या अशा:

1. दिव्यांग विद्यार्थ्यासाठी आलेला टॅब सहाय्यक साधन मानावा. त्याची नोंद जडवस्तू संग्रहात न करता श्रवणयंत्राप्रमाणे विद्यार्थ्याच्या नावावर, पालकांच्या सहीनं करावी आणि तो रोज घरी जावा. नेहमीच्या वापरात फुटला तर मुख्याध्यापकांकडून किंवा पालकांकडून भरपाई घेऊ नये. हे सगळं एका लेखी परिपत्रकात यावं, कारण तोंडी आश्वासनावर कुठलाही मुख्याध्यापक कपाट उघडू शकत नाही.

2. जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत यांनी स्वउत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून हे टॅब, मजबूत कव्हर आणि दुरुस्तीचा खर्च करावा. अ‍ॅप मोफत आहे, टॅब साधा चालतो. चार्जिंगची सोय नसलेल्या घरांसाठी पॉवर बँकही द्यावी.

3. अ‍ॅपमधली भाषा मुलाच्या घरची असावी. संवादाच्या अनेक अ‍ॅपमध्ये आपले फोटो आणि आपला आवाज घालता येतो. चित्रात सँडविच असेल आणि मुलाच्या ताटात भाकर किंवा पेज असेल, तर त्या चित्राचा त्याला काय उपयोग? ठाकरी आणि कातकरी बोलणाऱ्या घरांतल्या आयांच्या आवाजात त्यांच्याच शब्दांचे संच भरून घ्यावेत. गटसाधन केंद्रानं एकदा केले की ते सगळ्या तालुक्याला पुरतील.

4. नेट नसताना चालणारीच अ‍ॅप निवडावीत. टॅबबरोबर त्याच चित्रांचा लॅमिनेट केलेला कागदी तक्ताही द्यावा. आमच्याकडच्या पावसात वीज जाते, टॅब बंद पडतो. तेव्हा मुलाचं बोलणं बंद पडू नये.

5. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. स्थलांतरित मुलाला मिळणाऱ्या शिक्षण हमी पत्रकासोबत टॅबही मुलाबरोबर जावा आणि नव्या शाळेला तशी सूचना जावी. वस्तू तालुक्याबाहेर नेऊ नये, असा नियम आड येत असेल, तर तो याच परिपत्रकात दूर करावा.

6. ज्यांना अजून प्रमाणपत्र मिळालेलं नाही, त्यांना विशेष शिक्षकाच्या शिफारशीवर शाळेतल्या वापरासाठी टॅब द्यावा आणि प्रमाणपत्र आलं की तो त्यांच्या नावावर करावा.

या सहांतली पहिली मागणी मान्य झाली तरी बाकीच्यांची वाट सोपी होईल. कारण आज देणगीतून, आमदार निधीतून, कंपन्यांच्या मदतीतून जे टॅब शाळांत येतात, त्यांतला गरजू मुलाच्या उपयोगाचा टॅबही मुलापर्यंत पोहोचत नाही. तो कपाटापर्यंत पोहोचतो. कपाटापासून मुलाच्या बाकापर्यंतचं अंतर दहा पावलांचं आहे, पण ते शिक्षकाच्या धाडसानं चालायचं नसतं. त्यासाठी आपल्या सहीचा कागद लागतो.

मी निवृत्त झाले तेव्हा जुना फोन त्या मुलाला देऊन आले. तो माझा होता, म्हणून देऊ शकले. ज्या मुलांना अशी देणारी बाई भेटली नाही, त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे. कुणा बाईच्या दयेवर मुलाचा आवाज अवलंबून असू नये.

शेवटी, आपलं काम सोपं व्हावं म्हणून नव्या नोंदीचा नमुना मीच लिहून देते. वाटप नोंदवहीत इतके रकाने पुरतील:

साधन : संवादाचा टॅब, नग एक.
कोणाचे : विद्यार्थ्याचे.
कोठे ठेवले : विद्यार्थ्याजवळ.
परत कधी घ्यायचे : त्याला गरज उरणार नाही तेव्हा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
कडाव, ता. कर्जत, जि. रायगड